तुळशीत भांग : परसातली चार झाडं ठेवावीत की उपटावीत?

अंगणवेडी | ३ जून, रात्री ९.४०
विभाग बागकामाचाच आहे, चुकून आलेले नाही.

आम्ही टोरोंटोच्या पश्चिमेला राहतो. दरवर्षी परसात टोमॅटो, दुधी, मेथी, थोडी अंबाडी आणि दाराशी तुळस, एवढा माझा संसार. यंदा त्यात भर पडली. चिरंजीवांनी (वय २०) एप्रिलअखेर खिडकीत गांजाची रोपं केली. तीन बिया सरकारी दुकानातल्या, पावतीसकट. चौथं रोप मित्राची भेट. व्हिक्टोरिया डे (मेच्या उत्तरार्धातली इथली सुट्टी) झाल्यावर मोठ्या कापडी कुंड्यांत लावली, "आई, फक्त पाणी घाल" म्हणाला आणि उन्हाळाभराच्या नोकरीसाठी ऑटवाला पसार झाला.

आम्ही दोघांनी आयुष्यात साधी सिगारेट ओढलेली नाही. नवरा म्हणतो, उपट. काल उपटायलाच गेले होते. पण दीड वीत उंचीचं, ठणठणीत, एक पान पिवळं नसलेलं रोप मुळासकट ओढायला हात धजेना. माझे टोमॅटोसुद्धा इतके शहाण्यासारखे वाढत नाहीत. शिवाय पुढच्या महिन्यात साबा (सासूबाई) येताहेत नाशिकहून.

तर प्रश्न दोन. ठेवावीत का? आणि ठेवली तर ऑक्टोबरपर्यंत यांना काय काय लागतं? ओढणाऱ्यांचे अनुभव नकोत, लावणाऱ्यांचे हवेत.

चहाबाज | ३ जून, रात्री ९.५२
खुर्ची घेऊन बसलो आहे. कोणीतरी भजी तळा.

रेघोटी | ३ जून, रात्री १०.३०
हे संकेतस्थळ शाळकरी मुलंही वाचतात. उद्या कोणी हातभट्टीचा धागा काढेल पाककृती विभागात. अ‍ॅडमिन लक्ष घालतील का?

कायदेशीर_काका | ४ जून, सकाळी ७.१५
रेघोटीताई, काळजी रास्त आहे, पण कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून हे कायदेशीर आहे. घरटी चार झाडं. माणशी नव्हे, घरटी, हे लोक हमखास विसरतात. ऑन्टारियोत वय १९ पूर्ण हवं. क्युबेकात मात्र घरी एकही झाड चालत नाही, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी उचलून धरली. ब्रिटिश कोलंबियात झाड रस्त्यावरून दिसता कामा नये. भाड्याचं घर किंवा काँडो असेल तर करार वाचा, तिथे मनाई असू शकते.

आणि अंगणवेडीताई, पीक विकायचं नाही, एक ग्रॅमसुद्धा. सीमेपलीकडे न्यायचं नाही. साबांच्या परतीच्या बॅगेत चुकून बी-पान काही जाणार नाही हे स्वतः बघा, विशेषतः दुबईमार्गे विमान असेल तर.

एडिसनकर | ४ जून, सकाळी ८.०५
आमच्या न्यू जर्सीत गंमत बघा. दुकानात जाऊन विकत घ्या, कोणी काही म्हणत नाही. घरी एक झाड लावा, तो गुन्हा. आणि आपल्यातले जे एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांनी तर राज्याच्या कायद्यावर विसंबूच नये, फेडरल कायद्यात हे अजून निषिद्धच. नागरिकत्वाच्या अर्जात आडवं येऊ शकतं, तसं इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्ये लेखी सांगितलंय. म्हणून मी आपली कोथिंबीर लावतो. तीही उगवत नाही.

निपाणीचा_नातू | ४ जून, दुपारी १.२०
कोथिंबीर रगडून पेरा, अख्खे धने पेरले असतील तुम्ही.

मूळ मुद्दा. आमचे आजोबा निपाणीला तंबाखू करायचे, त्यामुळे बदनाम पिकाबद्दल माझ्या मनात किंतु नाही. त्या तंबाखूवर दोन आत्यांची लग्नं झाली. अल्बर्टात मी तीन वर्षं ही चार झाडं लावतोय.

ताई, पाचसहा पेरं झाली की शेंडा खुडा. आपण तुरीचा खुडतो तसाच. तंबाखूत शेंडा खुडल्यावर बगलेतून येणारे फुटवेही काढतात, कारण जोर पानात हवा. इथे उलटं, फुटवे ठेवायचे, कारण आपल्याला फूल हवं. दोन-तीनदा खुडलं की झाड उंच जात नाही, घेरदार होतं, कुंपणावरून शेजारी डोकावतही नाही. पाणी टोमॅटोच्या हिशेबाने. कापडी कुंडी लवकर सुकते, जुलैत रोज लागेल. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, कोरडं लागलं तरच घाला. खत कंपोस्टचं पुरे. जुलैअखेर नत्र कमी करा, नाहीतर नुसता पाला माजतो.

रेघोटी | ४ जून, दुपारी २.०२
म्हणजे सर्वांनुमते ठरलं तर. छान.

अंगणवेडी | ४ जून, रात्री ८.१५
रेघोटी, रागावू नकोस. काहीच ठरलेलं नाही. नवऱ्याशी तह झालाय : साबा येईपर्यंत जीवदान. नातूसाहेब, शेंडे खुडले. खुडताना बोटांना चिकट काहीतरी लागलं, साबणाने जाईना. शेवटी खोबरेल तेलाने गेलं.

अंगणवेडी | १६ जुलै, रात्री १०.१०
धागा वर काढते आहे. झाडं माझ्या छातीला लागली. एका दिवसात दोन-दोन बोटं वाढतात, खोटं नाही, बांबूची काठी रोवून खुणा केल्यात. सध्या जपानी भुंगेऱ्यांनी पानांची चाळण मांडलीय. पहाटे ते सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या भांड्यात टपटप पाडते. गुलाब आणि द्राक्षवेलीवरही हेच करते, त्यामुळे वेगळे कष्ट नाहीत.

आणि साबा आल्या. परवा मी आंघोळीला गेले, बाहेर येऊन बघते तर ओट्यावर सुपात पाला निवडून ठेवलेला. "अंबाडी छान आलीय हो तुझी, पण आंबट कशी लागत नाही गं? चावून बघितली, कडूझार." जुडी अंबाडीची नव्हती.

चहाबाज | १६ जुलै, रात्री १०.१४
हायला!!! मग? भाकरीबरोबर की भाताबरोबर?

अंगणवेडी | १६ जुलै, रात्री १०.२५
थुंकून टाकली त्यांनी. मी घाबरून गुगल करत बसले, त्या निवांत सिरियल बघत बसल्या.

भाजीवाली_बाय | १७ जुलै, सकाळी ६.५०
काही होत नाही, कच्च्या पानाने तशी नशा चढत नाही, त्याला उष्णता लागते. पण साबांची चूक नाही बरं! अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच 'हिबिस्कस कॅनाबिनस', पानं भांगेसारखी दिसतात म्हणून. आम्ही डॅलसला. माझ्या अंबाडीवरून शेजारच्या आजोबांनी एकदा फार गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं, "तू हे खातेस?" मी म्हटलं, हो, लसणाची फोडणी देऊन. टेक्सासात हे वाक्य जरा जपून बोलावं, हे नंतर कळलं. सप्टेंबरात मोतिया रंगाची, पोटात लालचुटुक ठिपका असलेली फुलं आली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

ओळखायची खूण : अंबाडीचं पान एकच असतं, खोल कातरलेलं. भांगेच्या पानाच्या पाकळ्या देठापाशी पार सुट्या. अंबाडीच्या देठाला बारीक काटे. आणि आंबटपणा, तो तर साबांनी तपासलाच.

टेरेसवरचा_टिल्लू | १७ जुलै, सकाळी ११.३०
पुण्यात बी कुठे मिळेल? टेरेसवर ऊन भरपूर आहे. शंकराचा प्रसाद म्हणून दोनच झाडं.

कायदेशीर_काका | १७ जुलै, सकाळी ११.४१
टिल्लूशेठ, नका. १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा, कलम २०. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाडं दोन की दोनशे, लागवड ती लागवड. लोक म्हणतात भांग चालते. कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, नुसती पानं त्या व्याख्येबाहेर, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. पण झाड लावायला परवाना लागतो आणि तो तुमच्या टेरेसला कोणी देणार नाही. उत्तराखंडात २०१८ पासून परवान्यावर लागवड होते ती धाग्याच्या, नशा नसलेल्या भांगेची.

टेरेसवरचा_टिल्लू | १७ जुलै, सकाळी ११.४४
अंबाडी लावतो.

अंगणवेडी | १४ ऑगस्ट, रात्री ९.३०
दोन प्रश्न. तीन झाडांच्या पेरांशी बारीक पांढरे केस फुटलेत, जोडी-जोडीने, मांजराच्या मिशा कातरून चिकटवल्यासारखे. चौथ्याला (मित्राची भेट) केस नाहीत, छोट्या हिरव्या गोळ्यांचे घोस लटकलेत. दुसरं, उजव्या कोपऱ्यातलं झाड बाकीच्यांपेक्षा मागे आहे, फुलायचं नावच घेत नाही. तिथे ऊन कमी नाही.

निपाणीचा_नातू | १४ ऑगस्ट, रात्री ९.३८
चौथा नर आहे. गोळ्या फुटायच्या आत काढा. आज काढा, उद्या नको. पराग वाऱ्यावर उडतो, तिन्ही माद्या बियांनी भरतील.

इतिहासजमा | १४ ऑगस्ट, रात्री १०.५५
या कामाला एकेकाळी पगारी माणसं असत. बंगालात राजशाहीजवळ नौगाव म्हणून भाग आहे (आता बांगलादेशात), तिथे इंग्रजांच्या काळात सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होई. फुलोरा धरायच्या सुमारास एक जाणकार शेतातून चालत जायचा आणि नर झाडं मोडत जायचा. नजर इतकी तयार की गोळ्या नीट दिसायच्या आत ओळखायचा. त्याला चक्क 'गांजा डॉक्टर' म्हणत. आपल्या शेजारी खांडव्याचा गांजाही तेव्हा नावाजलेला होता.

१८९३-९४ मध्ये सरकारने याच्या चौकशीला आयोग नेमला, शेकडो साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल आला. निष्कर्ष : बंदी घालू नका, कर लावा आणि लक्ष ठेवा. कर लावायची संधी इंग्रज कशाला सोडतोय म्हणा.

शेवंतीवाला | १५ ऑगस्ट, सकाळी ६.२०
कोपऱ्यातल्या झाडाचं मी सांगतो. आमचं शेवंतीचं पॉलीहाऊस आहे तळेगावला. शेवंतीही अशीच, रात्र लांबली की फुलणारी. दांडा लांब हवा असेल तेव्हा आम्ही रात्री दिवे लावून तिला फसवतो, मग दिवे बंद केले की कळी धरते. तुमच्याकडे जूनमध्ये साडेपंधरा तासांचा दिवस, झाड नुसतं वाढत राहतं. ऑगस्टच्या मध्याला तो चौदाच्या आत आला की त्याला कळतं, आता आवरायला हवं. (पुण्यात सर्वात मोठा दिवसच सव्वातेरा तासांचा, म्हणून तिथल्या झाडाचं घड्याळ वेगळं.)

रात्री त्या कोपऱ्यावर उजेड पडतोय का? शेजाऱ्याचा दिवा वगैरे?

अंगणवेडी | १५ ऑगस्ट, रात्री ९.१५
दंडवत घ्या! शेजाऱ्यांचा तो माणूस हलला की पेटणारा दिवा. रात्री रॅकून फिरतात, की पेटतो. दहा-बारा वेळा तरी. त्यांना सांगायला गेले तर कारण काय सांगू? "आमच्या झोपेला त्रास होतो" म्हटलं. ते हसून म्हणाले, "तुमच्या की तिच्या?" आणि दिव्याचं तोंड फिरवलं. सगळ्या गल्लीला माहिती आहे तर.

नर काढला. जमिनीलगत करवतला, मुळं काढवली नाहीत माझ्याच्याने. साबा शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "चांगला होता बिचारा."

चहाबाज | १५ ऑगस्ट, रात्री ९.२०
समस्त पुरुषवर्गातर्फे दोन मिनिटं स्तब्धता.

मनोवेध | १६ ऑगस्ट, दुपारी ३.१०
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, पुण्यात. धागा सुरुवातीपासून वाचते आहे, मजाही घेतेय, पण एक बाजू सुटतेय. माझ्याकडे १८ ते २२ ची मुलं येतात, त्यातली काही रोजच्या गांजामुळे. संशय, भास, अभ्यास सुटलेला. सगळ्यांना होत नाही. पण मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर जोखीम बरीच वाढते. ताई, झाडाला खत किती घालायचं हे तुम्ही इतकं विचारताय. लेकाला विचारलंत का, तो किती आणि कधी ओढतो?

रेघोटी | १६ ऑगस्ट, दुपारी ३.२५
धन्यवाद डॉक्टर. अडीच महिने हेच म्हणते आहे.

अंगणवेडी | १७ ऑगस्ट, रात्री ११.५०
नव्हतं विचारलं. काल फोन केला. तासभर बोललो, त्यातली पहिली वीस मिनिटं तो नुसता "आई, प्लीज" म्हणत होता. शनिवारी-रविवारी मित्रांबरोबर, म्हणाला. माझ्या मामांचा आजार त्याला ठाऊक नव्हता. आमच्या घरात ते बोलतच नाहीत. सांगितलं. बराच वेळ गप्प होता. बाकी इथे लिहीत नाही.

म्युनिकचा_मन्या | १८ ऑगस्ट, दुपारी १२.३०
जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून माणशी तीन झाडं. मुलांच्या हाती लागू नयेत ही अट. मी बाल्कनीत आपोआप फुलणारी जात लावतो, तिला रात्र-दिवसाचं सोयरसुतक नाही, वय झालं की फुलते. नऊ-दहा आठवड्यांत खेळ खलास. झाडं लहान राहतात. पुढच्या वर्षी विचार करा. वास मात्र तिलाही येतो. वरच्या मजल्यावरच्या बाई रोज जिन्यात विचारायच्या, मांजर आजारी आहे का.

अंगणवेडी | ११ सप्टेंबर, सकाळी ७.४०
वासाचं म्हणाल तर आता फाटकापर्यंत येतो. साबांनी सकाळची पूजा मागच्या दारातून पुढच्या खोलीत हलवली. तुळशीची कुंडीही उचलून आणायला लावली, म्हणाल्या, "भांगेत तुळस ऐकलं होतं, बघायची वेळ येईल वाटलं नव्हतं."

तातडीचं आहे. पाच दिवस पाऊस होता. आज मधल्या झाडाच्या सगळ्यात जाड कणसातलं एकच पान पिवळं दिसलं. धरलं तर अलगद हातात आलं, देठाशी तपकिरी. कणीस उकललं, आत राखाडी भुकटी, काल विझलेल्या उदबत्तीसारखी. बाहेरून इतकं सुंदर होतं ते.

निफाडकर | ११ सप्टेंबर, सकाळी ८.०५
बोट्रायटिस बुरशी. आमच्या द्राक्षांचा जुना वैरी. घड गच्च झाला आणि आत पाणी राहिलं की हमखास. औषध मारू नका. फुलावर मारलेलं ओढणाऱ्याच्या छातीत जातं. दिसतंय त्याच्या खाली चार बोटं निरोगी फांदीत कापा, कापताना पिशवी वरून घाला म्हणजे भुकटी उडणार नाही. कात्री दर कापाला स्पिरिटने पुसा. पिशवी कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. आतली पानं विरळ करा, हवा खेळू द्या. पाऊस थांबला की झाडं हलवून पाणी झाडा. आणि अळीची विष्ठा दिसते का बघा, अळीने पोखरलेल्या जागीच ही बुरशी आधी शिरते.

अंगणवेडी | ११ सप्टेंबर, सकाळी ११.३०
अळ्या होत्याच. तीन. मधलं झाड अर्धं गेलं. नवऱ्याने छत्र्या धरल्या उरलेल्यांवर, कामावरून घरी थांबून. तोच नवरा ज्याने जूनमध्ये उपट म्हटलं होतं. जुना शॉवरचा पडदा बांबूंवर ताणून मांडव केलाय.

निपाणीचा_नातू | २६ सप्टेंबर, रात्री ८.००
काय खबर? जवाहिऱ्याचं भिंग घ्या आणि फुलावरचे दवबिंदूंसारखे बारीक चिकट थेंब बघा. काचेसारखे असले तर थांबा. दुधाळ झाले, अधूनमधून एखादा मधाच्या रंगाचा दिसला, की काढा. दहिवराची वाट बघू नका.

काढल्यावर घाई नको. अंधाऱ्या खोलीत फांद्या उलट्या टांगा, १८ ते २० अंश, हवा खेळती पण पंखा थेट अंगावर नको. दहा-बारा दिवसांनी काडी वाकायच्या ऐवजी कटकन मोडली की काचेच्या बरण्यांत, आणि सुरुवातीला रोज थोडा वेळ झाकण उघडा. आजोबा तंबाखूच्या पानाचा वास घेऊन सांगायचे, अजून दोन दिवस. तेच आहे हे.

अंगणवेडी | १५ ऑक्टोबर, रात्री १०.२०
उशीर झाला लिहायला. काढणी २९ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबर अशी दोन टप्प्यांत झाली. उजव्या कोपऱ्यातलं झाड शेवटपर्यंत मागेच राहिलं. तळघरात साड्या वाळत घालायच्या दोरीवर टांगलं होतं. पाला काढायला मी, नवरा आणि साबा बसलो. साबांचा हात गवारीवर बसलेला, त्यांनी आमच्या दुप्पट केलं. त्यांचं म्हणणं, एवढा खटाटोप आहे तर गुडघ्याला लावायचं तेल तरी करावं. मनोवेध, तुमचं नाव सांगून नाही म्हटलं.

परवा थँक्सगिव्हिंगला चिरंजीव आले. काटा ठेवून वजन केलं, बरण्यांत साडेतीनशे ग्रॅम. त्याचा आधी विश्वास बसेना, मग वासावरून बसला. त्याच्या हातात एक बरणी ठेवली, तीस ग्रॅमच्या आतली, तेवढंच बरोबर नेता येतं. बाकीच्या त्याच्या जुन्या कपाटात कुलपात, किल्ली नवऱ्याकडे. तो काही बोलला नाही. जाताना एवढंच विचारलं, मामाआजोबांचा एखादा फोटो आहे का.

जूनमधला पहिला प्रश्न, ठेवावीत का, त्याचं उत्तर तुम्ही सगळ्यांनी मिळून मला पाच महिने देऊ दिलं नाहीत. पुढच्या वर्षीचं विचाराल तर त्या चार कुंड्यांत कालच लसूण खोचला. इथे तो ऑक्टोबरात लावतात, बर्फाखाली झोपतो आणि जुलैत निघतो. तोवर कुंड्या अडकल्या. लेकाला अजून कळवलेलं नाही.

रेघोटी | १५ ऑक्टोबर, रात्री १०.३१
लसणाचा फोटो टाक. आणि ते साबांचं गवारीवालं बसणं, त्याचाही.

चहाबाज | १५ ऑक्टोबर, रात्री १०.३३
लसणात नर-मादी नसतं ना? नाहीतर मी आत्ताच निघतो.